नवे डॉक्टर, त्यांचे संशोधन आणि कामाची जागा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार कायद्यावर नाहीतर महागाईभत्त्यावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी सांगितले, नवे डॉक्टर काम करता करता संशोधन कसे शिकतात, यावर बोलतो. चिटणीस क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "अहो, पण हा तर डॉक्टरांचा विषय." मी म्हटले, डॉक्टर ज्यांच्यावर शिकतात त्या लोकांचाही तो आहे, आणि ते लोक या मांडवात अधिक संख्येने बसतील.

माझा अधिकार मी आधीच सांगून टाकतो. शाळा नववीत सुटली. एका मोठ्या इस्पितळात बदली सफाई कामगार म्हणून लागलो, पुढे युनियनचे काम अंगावर आले, आणि गेली पंचवीसएक वर्षे वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार यांच्या संघटनेचे काम करतो आहे. निवाडे आणि करार वाचता यावेत म्हणून शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी शिकलो. नुकसानभरपाईच्या प्रकरणांसाठी वैद्यकीय अहवाल वाचू लागलो. आणि मग वाचनाची खोडच लागली. तेव्हा मी बोलणार आहे ते वॉर्डाच्या दारात उभा राहणाऱ्या माणसाच्या नजरेने.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या आणि पांढरे उंदीर उभे राहतात. तेही संशोधनच. परंतु रोग्यांच्या संबंधातले पुष्कळसे संशोधन याहून फार साधे असते. समोर जे येते आहे ते मोजावयाचे, ठरलेल्या पद्धतीने लिहून ठेवावयाचे, पुढे त्या माणसाचे काय झाले याचा माग काढावयाचा, आणि आपल्याला वाटते ते खरे आहे की नुसते वाटते आहे, हे ताडून पाहावयाचे. हे चार शब्दांत सांगता येते. पण हाताला वळण लागावयाला वर्षे जातात. गिरणीत साचा कसा चालतो यावर दहा व्याख्याने ऐकून कुणी विणकर होत नाही. जाणत्या विणकराच्या शेजारी उभे राहावे लागते, धागा तुटावा लागतो, तो आपल्या हाताने सांधावा लागतो. संशोधन हेही एक कसब आहे, आणि कसब कामाच्या जागीच शिकले जाते, असे माझे म्हणणे आहे. मग प्रश्न उरतो तो असा की, कामाची जागा ते शिकू देते काय?

गिरणीचे नाव निघालेच आहे तर इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात जाऊ. तेथे बर्नले नावाचे कापड गिरण्यांचे गाव आहे. १८७९ साली जेम्स मॅकेंझी नावाचा सव्वीस वर्षांचा स्कॉटिश डॉक्टर तेथे धंद्याला बसला. तो ना कुठल्या विद्यापीठात होता, ना संशोधन संस्थेत. गिरणी कामगारांचे ताप, जखमा, बाळंतपणे हेच त्याचे काम. हृदयविकाराची एक बाई बाळंतपणात त्याच्या डोळ्यांदेखत गेली. ही धोक्यात आहे हे मला आधी का कळले नाही, हा प्रश्न त्याला सुटेना. पुस्तके चाळली, त्यांत उत्तर नव्हते. तेव्हा त्याने आपल्या रोग्यांच्या नाडीची नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि एकदा नव्हे, त्याच माणसांची वर्षानुवर्षे. नाडी आणि मानेची शीर यांचे ठोके एकाच वेळी कागदावर उतरवील असे यंत्र त्याने जुळवले, आणि पुढे शाईने रेघ काढणारे सुटसुटीत यंत्र त्याला तयार करून दिले ते त्याच भागातल्या एका घड्याळजीने. (हा घड्याळजी मला फार आवडतो.) नाडी चुकते म्हणून अनेक धडधाकट तरुणांना त्या काळी अंथरुणाला खिळवीत असत. त्यांतल्या पुष्कळांचे चुकणे निरुपद्रवी असते आणि काहींचेच घातक, हे मॅकेंझीने वेगळे करून दाखवले. १९०२ साली त्याचे नाडीवरचे पुस्तक निघाले, १९०७ साली तो लंडनला गेला, आणि मग मोठमोठे लोक त्याचे ऐकू लागले. बर्नलेची अठ्ठावीस वर्षे हीच त्याची प्रयोगशाळा होती. एकच माणूस वीस वर्षांनी कसा आहे हे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टराला दिसत नाही. गावच्या डॉक्टराला ते दिसते.

आता आपल्याकडे येतो. महाड तालुक्यात बिरवाडी नावाचे गाव आहे. १९७६ साली तेथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर हे पंचविशीतले डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात एम.बी.बी.एस. झालेला हा तरुण. त्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. कोकणात लाल विंचू पुष्कळ. अनवाणी शेतात काम करणारे, लाकूडफाटा उचलणारे, भाताच्या पेंढ्यात हात घालणारे, यांना तो डसावयाचा. त्यांत मुले फार. विंचवाने माणूस मरतो हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मात्र तो का मरतो आणि त्याला वाचवावे कसे, याबद्दल कॉलेजात शिकवलेले तेथे पुरे पडत नव्हते.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विंचू चावल्यावर फुफ्फुसात पाणी साठते, ही नोंद ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९६१ सालीच मुंडले नावाच्या डॉक्टरांनी छापली होती. म्हणजे ज्ञान अगदीच नव्हते असे नाही. परंतु लंडनच्या नियतकालिकातले ज्ञान कोकणातल्या आरोग्य केंद्राच्या कपाटापर्यंत उतरत नाही; वाटेत कोठेतरी त्याची बस चुकते. मोठ्या इस्पितळात विंचवाचा रोगी सहसा पोचतच नसे. पोचण्यापूर्वीच त्याचे काय ते होऊन जाई. म्हणून जे मोठ्या तज्ज्ञांना दिसत नव्हते ते बिरवाडीच्या नव्या डॉक्टराला रोज दिसत होते. प्रश्न एवढाच होता की, दिसते आहे ते तो लिहून ठेवतो की नाही.

त्यांनी लिहून ठेवले. रोगी आला की ते त्याच्या उशाशी बसून राहात, रात्र झाली तरी. कधी चावला, पहिल्यांदा काय झाले, मग काय झाले, किती तासांनी झाले, नाडी किती, रक्तदाब किती. एकेका रोग्याची अशी तासातासाची नोंद. त्यांतून हळूहळू एक क्रम दिसू लागला. आरंभी ओकाऱ्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, पुरुषांच्या जननेंद्रियाला ताठरपणा येतो. ही लक्षणे दिसली की पुढे हृदयाला धोका आहे असे समजावे. नुसत्या असह्य वेदना असतील आणि ही लक्षणे नसतील, तर बहुधा जीवाला भय नाही. ज्याला केवळ विंचवाच्या वेदना आहेत तो ओरडतो, आणि ज्याच्यावर मरणाचे सावट आहे तो पुष्कळदा घामाने भिजून गप्प पडलेला असतो. ओरडणाऱ्याकडे आधी धावणे हा माणसाचा स्वभाव आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जावे, हे त्या वहीने शिकवले.

आपली निरीक्षणे त्यांनी मुंबईला हाफकिन संस्थेकडे कळवली. पुढे पुण्याला एम.डी. केले, आणि शहरात न थांबता ते पुन्हा महाडच्या भागात परतले. १९८२ साली, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचा संप चालू होता त्याच वर्षी, लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकात या पूर्वलक्षणांवरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पण लक्षण ओळखणे निराळे, आणि उपाय सापडणे निराळे. विंचवाच्या विषाने शरीरातली काही द्रव्ये एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार पडतो. तेव्हा आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, हा विचार त्यांनी धरला. प्रॅझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी बाजारात होतीच. ती त्यांनी वापरून पाहिली, आणि १९८६ साली त्याविषयीचा लेखही 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रॅझोसिन येण्यापूर्वी पश्चिम भारतात अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस ते तीस दगावत असल्याचे नोंदलेले आहे. त्यानंतर हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले. आरोग्य केंद्राच्या कपाटात मावेल अशी एक साधी गोळी!

ते तेथेच थांबले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. विंचवाच्या विषावरची लस उपलब्ध झाल्यावर, नुसते प्रॅझोसिन चांगले की लस आणि प्रॅझोसिन दोन्ही चांगले, हे त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनीबाईंनी महाडच्याच आपल्या दवाखान्यात सत्तर रोग्यांवर रीतसर तुलना करून पाहिले. दोन्ही मिळून दिल्यास रोगी लवकर बरा होतो असे आढळले, आणि २०११ साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. ज्या गोळीने नाव दिले, तिच्याहून अधिक चांगले काही असेल काय, हे स्वतःच तपासणे, याला मी संशोधकाची खरी शिस्त म्हणतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे, आणि ती सांगितली की टाळ्या पडतात. आताही पडल्या. परंतु मी संघटनेचा माणूस आहे, आणि अशा गोष्टीनंतरच्या टाळ्यांची मला थोडी भीती वाटते. कारण वीर पुरुष मालकाला फार आवडतो. त्याला जादा पगार द्यावा लागत नाही, रजा द्यावी लागत नाही, मदतनीस द्यावा लागत नाही; तो रात्र जागून, स्वतःच्या खर्चाने, सगळ्या अडचणींवर मात करून काम करतो. आणि मग इतरांना म्हणता येते, पाहा, त्यांना जमले, तुम्हाला का जमू नये? बिरवाडीसारखी शेकडो आरोग्य केंद्रे त्या काळी या राज्यात होती. तेथे गेलेले सगळे तरुण डॉक्टर काही आळशी नव्हते. कित्येकांच्या डोळ्यांसमोरून असेच काही ना काही गेले असेल आणि लिहिणारे कुणी नसल्यामुळे ते नाहीसे झाले असेल. बावस्करांना मान द्यावाच. परंतु ज्या व्यवस्थेत शोध लागण्यासाठी बावस्करच जन्मावे लागतात, त्या व्यवस्थेला मान देण्याचे कारण नाही.

आज आपल्या मेडिकल कॉलेजांत काय आहे? पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टराला प्रबंध लिहावा लागतो. मध्यंतरी अनेक वर्षे असाही नियम होता की परिषदेत निबंध वाचावा, भित्तिपत्रक मांडावे आणि एक लेख छापावयास पाठवावा, त्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे कागदावर पाहिले तर आपल्याकडे संशोधनाचा महापूर यावयास हवा. आणि वस्तुस्थिती? डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती शोधलेख प्रसिद्ध केले, याची. त्यांत ३३२ संस्थांचा दहा वर्षांत एकही लेख नव्हता. वर्षाला शंभरांहून अधिक लेख काढणाऱ्या संस्था अवघ्या पंचवीस.

मग ते हजारो प्रबंध गेले कुठे? ते बांधले गेले, सोनेरी अक्षरांत नाव घातले गेले, आणि ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात गेले. मेडिकल कॉलेजाच्या आसपास झेरॉक्स आणि बाइंडिंगची दुकाने असतात. तेथे जरा वेळ उभे राहा, म्हणजे प्रबंध कसे तयार होतात याचे पुष्कळ ज्ञान मिळते. मी त्या मुलामुलींना दोष देत नाही. ज्याला दोन रात्री झोप नाही, त्याच्याकडून सक्तीने सत्यशोधन करवून घेतले तर तो मागच्या वर्षीचे सत्य उतरवून काढणार. आमच्याकडे असल्या कामाला वेठबिगार म्हणतात, आणि वेठबिगारीने बांधलेली भिंत कशी असते हे आपण जाणताच.

तासांचा हिशेब आम्हा युनियनवाल्यांना चटकन दिसतो, म्हणून सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. १९९२ साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसंबंधी निर्देश काढले, त्यांतही सर्वसाधारणपणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास हाच आकडा होता. तो कागदावरच राहिला. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम देऊ नये. बत्तीस वर्षांत सुधारणेची मागणी ४८ वरून ७४ वर गेली! आणि या चौऱ्याहत्तरांत वही उघडण्याचा तास कुठला, हे कोणी सांगत नाही. हल्ली निवासी डॉक्टरांना संशोधन पद्धतीचा एक अभ्यासक्रम संगणकावर पुरा करावा लागतो. अभ्यासक्रम वाईट नाही, मी त्याचे धडे कुणाकडून तरी मागून वाचले आहेत. परंतु पोहण्यावरचे पुस्तक आणि विहीर यांत जो फरक आहे तो आहेच.

विहिरीत उतरलेल्या एका मुलीची हकीकत सांगतो. इस्पितळाचे नाव सांगत नाही. तेथे आमचे सफाई कामगार आणि आया यांना कचरा उचलताना वापरलेल्या सुया टोचत. सुई टोचणे म्हणजे नुसते रक्त येणे नव्हे. काविळीचे आणि एड्सचे विषाणू त्यातून जाऊ शकतात. आम्ही तक्रारी केल्या. वरून उत्तर आले, आमच्या नोंदवहीत अशा घटना नाहीत. नोंदवहीत नव्हत्याच, ते खरे होते. टोचल्याचे सांगितले की "हातमोजे का घातले नव्हते" म्हणून मेमो मिळे, मग सांगणार कोण?

तेथे इंटर्नशिपचे वर्ष करणारी एक तरुण डॉक्टर होती. आमच्या एका आयाच्या हाताला तिने पट्टी बांधली आणि तिला प्रश्न पडला. तिने शाळकरी मुलांची असते तसली दोनशे पानी वही घेतली आणि पाळी संपल्यावर एकेकाला विचारू लागली, "तुम्हाला सुई टोचली आहे का?" सगळे म्हणाले, नाही. आठवडाभर हाच पाढा. शेवटी एक जुनी मावशी तिला म्हणाली, "मॅडम, असं विचारलंत तर कोण हो म्हणेल? असं विचारा, की पिशवी उचलताना काय काय लागतं." तिने प्रश्न बदलला. मग लोक बोलू लागले. कुठल्या वॉर्डात, कुठल्या वेळी, हातात काय होते, सुई कुठे होती. वहीत खाने पडले. नावे तिने लिहिली नाहीत, आणि लिहिणार नाही हे आधीच सांगितले. त्यामुळे विश्वास बसला.

श्रोतेहो, संशोधन पद्धतीच्या पुस्तकात या गोष्टीला मोठे नाव असेल. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असते, हे शास्त्र त्या मुलीला एका चौथी शिकलेल्या मावशीने शिकवले. हे काही नवे नाही. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांना दमा जडतो, तो रविवारच्या सुटीनंतर सोमवारी अधिक जाचतो. लँकेशायरचे कामगार हे कैक वर्षे बोलत होते. १९५० नंतर रिचर्ड शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी कामगारांना आठवड्याच्या कुठल्या दिवशी छाती भरते, हा प्रश्न पद्धतशीर विचारला आणि त्या उत्तरांवरून रोगाच्या पायऱ्या लावल्या. माझे वडील गिरणीत होते. सोमवारचा खोकला आमच्या घरात होता. पण त्याला नाव आहे, आणि नाव असले की भरपाई मागता येते, हे मला पुष्कळ उशिरा वाचून कळले.

तर त्या वहीतून असे निघाले की बहुतेक सुया इंजेक्शन देताना नव्हे, तर पिशव्या उचलताना आणि खाली जमा करताना टोचत होत्या. कारण सुया साध्या पिशवीत पडत होत्या. त्या न टोचणाऱ्या, न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाव्यात, असा २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट उल्लेख आहे. डबे होते, पण कोठीत. वॉर्डात इंजेक्शनच्या टेबलाजवळ नव्हते. ही वही घेऊन ती मुलगी आपल्या विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी ती वाचली (वाचली, याला महत्त्व आहे), दोन ठिकाणी "हे कशावरून?" असे पेन्सिलीने लिहिले, आणि तिला परत पाठवले. तिने पुन्हा विचारून आणले. महिन्याभरात सुया तोडण्याचे यंत्र आणि डबा टेबलाटेबलाशी आला. आमच्या तीन मोर्चांनी झाले नव्हते ते झाले. मोर्चे काढणारा मीच असल्यामुळे हे म्हणण्याचा मला अधिकार आहे.

परंतु पुढे ऐका. तिचे वर्ष संपले, ती निघून गेली. डबे आल्यावर टोचणे कमी झाले काय, हे मोजणारे कुणी राहिले नाही. वही विभागाच्या कपाटात गेली. पुढच्या तुकडीच्या इंटर्न मुलाला मी तिच्याबद्दल विचारले, त्याला अशी वही आहे हेही ठाऊक नव्हते. वर्षभरात काही वॉर्डांतून डबे पुन्हा कोठीत गेले.

हे दुखणे जगभरचे आहे. शिकाऊ डॉक्टर म्हणजे एक प्रकारचा बदली कामगार. चार महिने येथे, सहा महिने तेथे. एकट्याने आरंभलेले काम बदलीबरोबर मरते, आणि एका इस्पितळातले रोगी एवढे थोडे की त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या परिसरातल्या शिकाऊ शल्यवैद्यांनी २००७ च्या सुमारास यावर जो उपाय काढला, तो वाचून मी खुर्चीतून उठलो. त्यांनी संघटना केली! वेस्ट मिडलंड्समधल्या निरनिराळ्या इस्पितळांतल्या शिकाऊंनी ठरवले की आपण सर्वांनी मिळून एकच प्रश्न घ्यावयाचा, एकाच नमुन्यावर नोंदी करावयाच्या, प्रत्येकाने आपल्या इस्पितळातले थोडे थोडे रोगी त्यात घालावयाचे. आणि एकाची बदली झाली तर त्याच्या जागी येणाऱ्याने वही पुढे चालवावयाची. जेथे तो जाईल तेथे तीच वही त्याची वाट पाहात असेल.

त्यांनी घेतलेला एक प्रश्न असा. पोटाच्या शस्त्रक्रियेत जखमेच्या कडांना बसवण्याचे प्लॅस्टिकचे एक संरक्षक साधन मिळते. त्याने जखम चिघळणे कमी होते, अशी समजूत होती. शिकाऊ डॉक्टरांनी २१ इस्पितळांतले ७६० रोगी घेतले. निम्म्यांना साधन लावले, निम्म्यांना नाही. २०१३ साली निकाल छापला: साधन लावलेल्यांत शंभरी २४.६ जणांची जखम चिघळली, न लावलेल्यांत २५.४. म्हणजे फरक नाही. कुणी म्हणेल, एवढी खटपट करून हाती शून्य! मला उलट वाटते. जे साधन उपयोगी नाही त्यावर इस्पितळाने पैसा घालवू नये, हे कळणे म्हणजे कमाईच आहे. शिवाय आपल्याला जे आवडले असते ते निघाले नाही, तरी ते जसेच्या तसे छापावयाचे, हे वळण त्या तरुणांच्या हाताला लागले. परीक्षेच्या सक्तीने लिहिलेल्या प्रबंधात शून्य कधी सापडत नाही.

ही सामुदायिक रीत पुढे देशोदेशी पसरली. 'चीता' नावाने ओळखला जाणारा एक मोठा प्रयोग भारतासह सात देशांत, ८१ इस्पितळांत, १३,३०१ रोग्यांवर झाला; २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निकाल आला. प्रश्न अगदी बाळबोध होता: पोट शिवण्यापूर्वी सर्वांनी हातमोजे बदलले आणि हत्यारे नवी घेतली, तर जखमा कमी चिघळतात काय? चिघळतात: शंभरी १८.९ वरून १६ पर्यंत प्रमाण खाली आले. त्या लेखाच्या माथ्यावर एका मोठ्या माणसाचे नाव नाही, गटाचे आहे. ज्या थिएटरात मोजे आणि हत्यारे वेळेवर हाती देणारी सिस्टर नाही, हत्यारे उकळून ठेवणारा कामगार नाही, तेथे हा शोध निरुपयोगी आहे, हेही मी माझ्या सभासदांच्या वतीने येथे नोंदवून ठेवतो.

एक शंका दरवेळी विचारली जाते आणि ती रास्त आहे. नवे डॉक्टर शिकणार, संशोधन करणार, म्हणजे गरिबांवर प्रयोग होणार काय? होता कामा नये. रोग्याला त्याच्या भाषेत सांगून, तो नाही म्हणाला तर त्याच्या उपचारात केसभर फरक न करता, आणि इस्पितळाच्या नीतिसमितीने आधी तपासल्यावरच हे काम व्हावे. नियमही तसेच आहेत. पण माझा अनुभव असा की आमचे लोक मोजले जाण्याला भीत नाहीत. न सांगता मोजले जाण्याला, आणि मोजून झाल्यावर विसरले जाण्याला भितात. त्या मुलीच्या वहीतला निष्कर्ष आमच्या लोकांना कुणी वाचून दाखवला नव्हता. तो मी मागून घेतला आणि जेवणाच्या सुटीत मराठीत वाचला. वाचून होताच तीन जण पुढे आले आणि म्हणाले, आमचे सांगायचे राहिले आहे.

आता मागणी. मागणी केल्याशिवाय मी व्यासपीठावरून उतरत नाही, हे येथले पुष्कळजण जाणतात. आमच्या संघटनेने यंदा इस्पितळ प्रशासनाला जे मागणीपत्र दिले आहे, त्यात आमच्या नेहमीच्या कलमांखाली तीन कलमे अधिक घातली आहेत. निवासी आणि इंटर्न डॉक्टरांना आठवड्यातली एक दुपार हजेरीपटावर कामाची म्हणूनच धरून नोंदी व वाचन यांसाठी मोकळी द्यावी. त्या दुपारी एक वरिष्ठ डॉक्टर पेन्सिल घेऊन हजर असावा. आणि प्रत्येक विभागात एक चालू वही असावी, जी माणसाबरोबर न जाता जागेवर राहील आणि नव्या तुकडीला पहिल्या दिवशी हाती दिली जाईल. निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या पोरांना मी हे दाखवले. त्यांची पहिली प्रतिक्रिया अशी होती की, काका, आम्हाला आधी झोप मिळवून द्या. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून तासांचे कलम आम्ही या तिन्हींच्या वर नेले. एका सभासदाने आमच्याच बैठकीत विचारले की, डॉक्टरांच्या दुपारीसाठी आपण का भांडावे? त्याला उत्तर त्या जुन्या मावशीने दिले: सुई कुणाच्या हातात जाते, एवढेच ती म्हणाली.

प्रशासनाचे उत्तर अद्याप आलेले नाही. पुढच्या महिन्यात वाटाघाटीची बैठक आहे. आपल्यापैकी कुणी इस्पितळाच्या सल्लागार मंडळावर असतील, कुणी नगरसेवक असतील, कुणाची मुले वैद्यकीय शिकत असतील. त्यांनी ही तीन कलमे माझ्याकडून मागून घ्यावीत, प्रती मी बरोबर आणल्या आहेत.